बुलेटचे मागचे शॉकअप निवडताना : काजूचा काटा, मोजपट्टी आणि मालवणची खारी हवा

आजचा अख्खा भाग मागच्या शॉकअपवर आहे. गेल्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं की जुन्या बुलेटला, येझदीला, राजदूतला नवीन शॉकअप टाकायचे तर कुठले घ्यावेत. एकूण सूर असा की कंपनीचं नाव सांग आणि विषय संपव. पण नाव सांगून काही होत नाही, कारण मला तुमचं वजन माहीत नाही. मागे कोण बसतं तेही माहीत नाही. शॉकअप निवडताना हे दोन आकडे पहिले, बाकी सगळं नंतर. हे का, ते आज आमच्याच गाडीवरून सांगतो.

गाडी आहे १९८६ ची बुलेट ३५०. जुनं ओतीव लोखंडाचं इंजिन, उजव्या पायाला गिअर. बाबांनी १९९४ साली कुडाळच्या एका गृहस्थांकडून सेकंड हँड घेतली आणि शाळेत नोकरी होती तोवर रोज चालवली. कायद्याच्या भाषेत ही 'व्हिंटेज' नाही हं. केंद्र सरकारनं २०२१ मध्ये जे नियम आणले त्यात व्हिंटेज म्हणायला ५० वर्षं पूर्ण लागतात. आमची त्या हिशोबानं अजून तरुण आहे. पण १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी आरटीओत नेऊन नोंदणीचं नूतनीकरण करावं लागतं, म्हणजे म्हातारपणाचे कागद सगळे आहेत आणि मानपान मात्र नाही.

प्रश्न असा उभा राहिला की बाबांच्या कमरेत मणक्याची गादी सरकलेली आहे. गाडी चालवणं त्यांनी दोन वर्षांपूर्वी सोडलं. मागे बसून फिरायचे, पण डॉक्टरांनी सांगितलं की धक्के नकोत. गेल्या पावसाळ्यानंतर तेच म्हणायला लागले, "माका आता मागे बसाक जमाचा नाय, खड्डो इलो काय कमर मोडता." आईचं म्हणणं सरळ होतं, विकून टाका. कोल्हापूरचा एक जण येऊन गाडी बघूनही गेला, आणि किंमत चांगली देत होता. बाबांनी फक्त एवढंच म्हटलं की आंगणेवाडीच्या जत्रेला एकदा हिच्यावरून जाऊन येऊ, मग काय ते करा. भराडीदेवीच्या जत्रेची तारीख कॅलेंडरवर छापलेली नसते, ती गाववाले दरवर्षी ठरवतात. त्यामुळे माझ्या हातात नक्की किती दिवस आहेत हेही माहीत नव्हतं.

आता थोडं मागे जाऊ, कारण बुलेट आणि मागचे शॉकअप यांचं नातं जुनं आहे. युद्धाआधीच्या बहुतेक मोटरसायकलींना मागे सस्पेन्शन नसायचंच. चाक थेट फ्रेमला, आणि जो काही आराम तो सीटखालच्या स्प्रिंगांचा. रॉयल एनफील्डनं १९४८ मध्ये जी नवी बुलेट दाखवली तिचं वैशिष्ट्य इंजिनापेक्षा मागचं टोक होतं. चाक एका हलणाऱ्या चिमट्यात आणि दोन बाजूंना तेलाचे शॉकअप. त्या वर्षी इटलीत सान रेमोला झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या शर्यतीत ब्रिटिश संघातल्या दोघांनी या गाड्या चालवल्या आणि दोघांनाही सुवर्णपदकं मिळाली. तोपर्यंत लोकांना वाटायचं की मागचं चाक हलायला लागलं तर गाडी ताब्यात राहणार नाही. पुढे भारतीय लष्करानं हीच गाडी सीमेवरच्या गस्तीसाठी घेतली, आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सबरोबर एनफील्ड इंडिया उभी राहिली. म्हणजे ज्या गोष्टीमुळे बुलेट बुलेट झाली तीच आमच्या गाडीत मेली होती.

तर. मेली होती म्हणजे नेमकं काय झालं होतं?

मी बीटेक कॉम्प्युटरवाला, मेकॅनिकलचा नाही. पण आमच्या धंद्यातली एक सवय इथे उपयोगी पडते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बदलण्याआधी मोजायचं. "गाडी मागून आपटते" ही झाली तक्रार, ते कारण नव्हे. कारणं चार-पाच असू शकतात आणि त्यातली दोन फुकटात सुटतात.

पहिलं, हवा. मागच्या टायरमध्ये ४० पीएसआय निघाली. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच आकडा मारतो. एवढ्या हवेवर टायर दगड होतो, आणि टायर हा पहिला शॉकअप आहे हे आपण विसरतो. ती जुन्या मॅन्युअलप्रमाणे तिशीच्या आसपास आणली. बाबा म्हणाले, उन्नीस-बीस.

दुसरं, चिमट्याचे बुश. गाडी मेन स्टँडवर घ्यायची, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे ढकलायचं. खट् खट् वाजलं की एकतर चाकाचं बेअरिंग नाहीतर चिमट्याचा बुश. दुसऱ्याला चाक ढकलायला लावा आणि तुम्ही चिमट्याच्या सांध्यावर बोट ठेवा, लगेच कळतं. आमच्याकडे बुश थोडा ढिला होता. कुडाळच्या लेथवाल्यानं नवीन करून दिला. हे आधी केलं नाही तर नवे शॉकअपसुद्धा वेडेवाकडे झिजतात आणि वळणावर गाडी शेपूट हलवते. लोक दोष शॉकअपला देतात.

तिसरं म्हणजे शॉकअप स्वतः. त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या असतात हे डोक्यात पक्कं ठेवा. स्प्रिंग वजन उचलते. आतलं तेल स्प्रिंगची उडी आवरतं. स्प्रिंग दाबली की ती शक्ती साठवते आणि तेवढ्याच जोरानं परत फेकते. तेल बारीक भोकांतून जाताना ती शक्ती उष्णतेत घालवतं. तेल गेलं की गाडी घोड्यासारखी नाचते. स्प्रिंग कमी पडली की गाडी बसते आणि शेवटी रबरावर आपटते. मागे बसणाऱ्याला दोन्हीचा त्रास होतो, पण मणक्याला लागतो तो आपटण्याचा धक्का.

तेल बघायला सोपं. सीटचं मागचं टोक जोरात दाबून सोडा. वर येऊन एकदा स्थिरावली तर ठीक. आमची तीन वेळा नाचली. आणि खालच्या नळीवर तेलकट धुळीचा थर होताच.

स्प्रिंगसाठी मात्र मोजावं लागतं. मेन स्टँडवर चाक अधांतरी लटकू द्या. चाकाच्या आसापासून सरळ वर मडगार्डवर चिकटपट्टीची खूण करा आणि अंतर लिहून ठेवा. मग गाडी स्टँडवरून काढून नुसत्या तिच्या वजनावर मोजा. मग तुम्ही बसून. मग दोघं बसून. मोजायला तिसरा माणूस लागतो, आमच्याकडे शेजारचा कॉलेजातला मुलगा होता. आमचे आकडे असे आले. लटकलेल्या स्थितीपासून गाडी स्वतःच्या वजनानं १८ मिलिमीटर खाली, मी बसल्यावर ३८, बाबा मागे बसल्यावर ७०. आणि शॉकअपची स्प्रिंग काढून चाक वर टेकेपर्यंत हलवून पाहिलं तर एकूण चाल ८० मिलिमीटर.

म्हणजे आम्ही दोघं बसलो की खड्डा खायला शिल्लक १० मिलिमीटर! आमच्याकडच्या रस्त्यावर १० मिलिमीटर म्हणजे नुसती खडी. ह्या एका आकड्यानं सगळं कळलं. बाबांच्या कमरेला लागत होतं ते दर खड्ड्याला लोखंडावर लोखंड.

साधारण नियम असा की रस्त्यावरच्या गाडीत चालवणारा बसल्यावर एकूण चालीच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गाडी बसावी. आमच्यासाठी २६-२७ मिलिमीटर. त्याहून फार कमी बसली तर चाक खड्ड्यात उतरतच नाही, वरून उडत जातं.

आता वजन. इथे बहुतेक लोक चुकतात. ते चालवणाऱ्याचं आणि मागच्याचं वजन मिळवतात आणि निम्मं पुढे निम्मं मागे असं धरतात. मी गाडी आमच्या ओळखीच्या काजू कारखान्यात नेली. तिथे पोती मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतो. मागचं चाक काट्यावर, पुढचं तेवढ्याच उंचीच्या फळ्यांवर, म्हणजे गाडी सपाट राहते. कारखान्यातल्या बायका काम सोडून बघत होत्या, त्यांच्यासाठी तो दिवस चांगला गेला असावा. नुसत्या गाडीचं मागचं वजन ८६ किलो. माझं वजन हेल्मेटसकट ७२, मी बसल्यावर काटा १२९ वर. म्हणजे माझ्या ७२ मधले ४३ किलो मागे. बाबांचं वजन ७४, ते बसल्यावर काटा १९९. म्हणजे त्यांच्या ७४ पैकी ७० किलो मागच्या चाकावर! मागे बसणारा जवळजवळ आसाच्या डोक्यावरच बसतो, त्याचं वजन पुढे जाणार कुठून? आमच्यातलं वजन सारखं, पण शॉकअपच्या दृष्टीनं बाबा म्हणजे दीडपट मी.

हे आकडे मघाच्या मापांशी जोडा. ४३ किलोनं गाडी २० मिलिमीटर बसली, ७० किलोनं ३२. दोन्हीचं उत्तर जवळजवळ एकच येतं, मिलिमीटरला साधारण २.२ किलो. ही आमच्या जुन्या स्प्रिंगांची चाकापाशी मोजलेली ताकद. दोन्ही आकडे जुळले म्हणजे मोजणी बरोबर आहे असं मी धरलं.

इथे एक गैरसमज. जुनी स्प्रिंग "मऊ पडली" असं सगळे म्हणतात. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीवर, वेटोळ्याच्या व्यासावर, वेढ्यांच्या संख्येवर आणि पोलादावर ठरतो. वापरून वापरून तिची लांबी कमी होते, ती आखूड होते. कडकपणा फारसा बदलत नाही. म्हणून गावातले मेकॅनिक स्प्रिंगखाली एखादी लोखंडी रिंग सरकवतात ते अगदीच चुकीचं नाही. गाडी उंच होते, थोडी चाल परत मिळते. पण वाढलेल्या वजनाला ती तेवढीच बसत जाते. शॉकअपच्या खाली जी खाचांची चकती असते, हूक पान्यानं फिरवायची, तिचंही तेच. ती फिरवून शॉकअप "कडक" होत नाही. स्प्रिंग आधीच थोडी दाबून ठेवल्यामुळे गाडी वर उचलली जाते, एवढंच.

मग हवं काय होतं? मी एकटा असताना २७ च्या आसपास, दोघं असताना चकती वर करून ४०-४५. कागदावर मांडलं तर साधारण पाव पट जास्त कडक स्प्रिंग निघत होती. मिलिमीटरला २.७५ किलो. इतकंच! दुप्पट नाही, "हेवी ड्युटी" नाही. पंचवीस टक्के.

आणि हे बाजारात जाऊन सांगितलं की दुकानदार आपल्याकडे बघत राहतो.

फोंडा घाट चढून कोल्हापूरला गेलो. आमच्याकडे जुन्या गाडीचं काही हवं असलं की कोल्हापूर नाहीतर बेळगाव. दोन-तीन दुकानांत बोलणं एकच, "बुलेटचं आहे ना, सगळ्या बुलेटला बसतं." बसतं म्हणजे बोल्ट आत जातो. स्प्रिंग किती कडक हे खोक्यावर लिहिलेलं नसतं, निदान ह्या किमतीच्या मालावर तरी मी पाहिलेलं नाही. एका दुकानदारानं मात्र खोकी उघडून दिली आणि मी खिशातून व्हर्निअर काढला.

हे गणित लिहून घ्या, कुठल्याही गाडीला चालतं. तारेची जाडी वाढली की कडकपणा तिच्या चौथ्या घातानं वाढतो. वेटोळ्याचा व्यास वाढला की तिसऱ्या घातानं कमी होतो. मोकळे वेढे जास्त तितकी स्प्रिंग मऊ. तुमच्याकडे जुनी स्प्रिंग आहे, तिची ताकद तुम्ही काट्यावर मोजलेली आहे, मग नव्या स्प्रिंगची फक्त तुलना करायची. पोलाद साधारण सारखंच धरायचं.

आमच्या जुन्या स्प्रिंगची तार ७ मिलिमीटर. दुकानात पहिली जोडी निघाली ती बघायला एकदम झकास, क्रोम केलेली, तार ७, बाकी मापं तीच. म्हणजे नवी कोरी जुनीच. दुसरी जोडी बाजूला सोनेरी बाटली लावलेली, तार ८ मिलिमीटर, व्यास आणि वेढे जवळपास तेवढेच. १ मिलिमीटरनं काय होतंय असं वाटतं ना? आठ भागिले सात, त्याचा चौथा घात, १.७. सत्तर टक्के जास्त कडक. मी एकटा त्याच्यावर बसलो असतो तर गाडी जेमतेम १५-१६ मिलिमीटर खाली गेली असती आणि धामापूरच्या रस्त्यावर मी सीटपेक्षा हवेत जास्त राहिलो असतो. बाबांना तर लोखंडाऐवजी दगडावर बसवल्यासारखं. दुकानदार मात्र हीच घ्या म्हणत होता, तरुण पोरं हीच नेतात. तिसरी जोडी काळी, साधी, वरून झाकण असलेली, तार ७.४. चौथा घात १.२५. बरोबर पाव पट.

त्या सोनेरी बाटलीबद्दल दोन शब्द. शॉकअप वेगानं हलत राहिला की आतल्या तेलात हवा मिसळून फेस होतो. सोलकढी जोरात घुसळली की वर येतो तसा. फेस भोकांतून सहज निघून जातो, मग आवरणार कोण? म्हणून नायट्रोजन दाबानं भरतात, फेस कमी होतो. बाटली खरी असेल तर तिथे जास्तीचं तेल आणि नायट्रोजन असतो आणि ते तापत कमी. ही चांगली गोष्ट आहे, शर्यतीत, लडाखच्या कच्च्या रस्त्यावर दिवसभर चालवताना. पण स्वस्त मालात पुष्कळ बाटल्या शोभेच्या असतात, आत शॉकअपशी काही जोडलेलंच नसतं. आणि मालवण ते कसाल ४० च्या वेगानं जाणाऱ्या बुलेटचं तेल फेसाळण्याइतकं तापत नाही हो. खऱ्या गॅसच्या शॉकअपची एक सूचना देऊन ठेवतो, ते कधीही कापायचे नाहीत, वेल्डिंग करायचे नाहीत, आगीत टाकायचे नाहीत. आत दाब असतो.

परदेशी जोड्यांची चौकशीही मी केली होती. इंग्लंडमध्ये जुन्या गाड्यांसाठी वजन विचारून स्प्रिंग बसवून देणारे लोक आहेत, आणि ती पद्धत खरंच सुंदर आहे. आयात शुल्क आणि टपालासकट जो आकडा आला तो ऐकून आईनं गाडीसोबत मलाही विकायची तयारी दाखवली. आपल्याकडे शॉकअप बनवणं नवं नाही. गॅब्रिएल १९६१ पासून, सुरुवात मुंबईत मुलुंडला. एन्ड्युरन्स संभाजीनगरजवळ वाळूजला. म्हणजे देशातल्या कितीतरी दुचाकी महाराष्ट्रात बनलेल्या शॉकअपवर चालतात. जुन्या मॉडेलच्या मालात नकली खोक्यांचा सुळसुळाट आहे, म्हणून खोक्यापेक्षा आतली वस्तू बघा. वेल्डची कड सारखी आहे का, रॉड आरशासारखा गुळगुळीत आहे का, दोन्ही शॉकअप उभे धरून दाबले तर सारख्याच वेगानं वर येतात का. जोडीतला एक झटकन आणि दुसरा हळू आला तर तिथेच ठेवून या.

लांबी. दोन्ही डोळ्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंत. ही जुन्याइतकीच हवी, पाच-सात मिलिमीटरचा फरक चालून जातो. पण जुन्याची लांबी मोजताना तो गाडीवरून काढून, पूर्ण उघडलेला मोजा. मागची बाजू उंच दिसावी म्हणून लोक लांब शॉकअप लावतात. मग मेन स्टँडवर चाक अधांतरी राहत नाही, साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, चेनचा ताण बदलतो आणि पुढचा फोर्क जास्त उभा झाल्यामुळे हँडल चंचल होतं. आखूड लावला तर दोघं बसल्यावर टायर मडगार्ड खातो. शिवाय मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आहेच, कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालत नाही. मूळ मापाचा शॉकअप हा बदली भाग झाला, त्यावर आरटीओत कुणी हरकत घेत नाही. डोळ्याच्या बुशचं भोक आणि रुंदीही मोजून न्या. आणि स्प्रिंगचा बाहेरचा व्यास बघा, एका बाजूला चेनकव्हर, दुसऱ्या बाजूला सायलेन्सर, जाड स्प्रिंग कुठेतरी घासते.

आता तो विषय जो पुण्याच्या यूट्यूबवाल्यांना सांगून कळत नाही. मीठ.

आमच्याकडे हवेतच मीठ आहे. शॉकअपचा रॉड कडक क्रोमचा असतो. त्याच्यावर गंजाचा एक टिपका पडला की तो कानशीसारखा ऑइल सील कापतो. तेल गळतं. मग सील नवीन टाकून उपयोग नाही, महिन्याभरात तोही जातो, कारण कानशी तिथेच आहे. आमचे जुने शॉकअप उघडून पाहिले तर रॉडवर असे तीन-चार टिपके होते, सगळे खालच्या भागात. तुम्हाला बघायचं असेल तर मासे विकणाऱ्यांच्या जुन्या एम-एटी बघा. मागच्या टपातून बर्फाचं खारं पाणी दिवसभर शॉकअपवर ठिबकतं. त्या गाड्यांना तेल राहतच नाही, आणि ते लोक तशाच चालवतात, भारी माणसं.

म्हणून किनाऱ्यावर माझं मत वेगळं आहे. उघडी चकचकीत क्रोमची स्प्रिंग घेऊ नका. क्रोमला सूक्ष्म भेगा असतात, मीठ आत जातं, वरून चकाकी आणि आतून गंज. शिवाय स्प्रिंगचं पोलाद कडक असतं, त्यावर विद्युत मुलामा नीट काळजी न घेता दिला तर हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होतं. रंग नाहीतर पावडर कोटिंगवाली बरी. झाकणवाला शॉकअप जुन्या गाडीला शोभतो आणि रॉडवर चिखल उडत नाही, पण झाकणाच्या आत ओल धरून राहते. तेव्हा देवबाग-तारकर्लीला वाळूवर जाऊन आलात की बादलीभर गोड्या पाण्यानं खालून धुवायचं, प्रेशरच्या फवाऱ्यानं नाही, आणि पावसाळ्याआधी झाकण वर करून रॉड फडक्यानं पुसायचा. रॉडवर ग्रीस फासू नका, लाल माती चिकटून पुन्हा कानशीच होते.

तर तिसरी काळी जोडी घेतली. बसवायला अर्धा तास, त्यातला निम्मा जुने बोल्ट सोडवण्यात. वरचे-खालचे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडी स्टँडवरून काढून माणूस बसवायचा, आणि मग पूर्ण आवळायचे. लटकत्या स्थितीत आवळले तर रबरी बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. हे आमच्या कुडाळच्या मेकॅनिकनं न सांगता केलं, तेव्हाच मी त्याला मानलं.

पुन्हा मोजलं. गाडी स्वतःच्या वजनानं ११, मी बसून २७, दोघं बसून ५२. चकती दोन खाचा वर केली तर दोघांना ४२. म्हणजे खड्ड्यासाठी ३८ मिलिमीटर शिल्लक, आधी १० होते. एक तडजोड यात आहे ती लपवत नाही. प्रत्येक वेळी बाबा बसणार असले की चकती फिरवावी लागते. एकच स्प्रिंग एका माणसालाही नेमकी आणि दोघांनाही नेमकी, असं होत नाही. एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ वेढ्यांच्या स्प्रिंगा मिळतात, त्यांचा थोडा फायदा होतो, पण ७० किलोचा फरक त्याही पूर्ण गिळत नाहीत. हूक पाना आता टूलबॉक्समध्ये असतो आणि चकतीवर दोन पांढऱ्या खुणा आहेत, एक माझी, एक बाबांची.

पहिली फेरी धामापूरच्या तळ्यापर्यंत. बाबा जाताना काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. परत येताना एका गतिरोधकावर मुद्दाम नेहमीच्या वेगानं घेतली. मागून आवाज, "ह्या आता बरा वाटता. पण तू हळूच चल." त्या रात्री कमरेला शेक घ्यावा लागला नाही, हे आईनं सांगितलं, त्यांनी नाही. डॉक्टरांनाही विचारलं. ते म्हणाले अर्ध्या तासाच्या वर नको, आणि मधे उतरून चालायचं. तेव्हा शॉकअपनं मणका बरा होतो असं कुणी समजू नये.

आंगणेवाडीला गेलो. जत्रेच्या गर्दीत मसुऱ्याकडे गाडी पोचते तोवर निम्मा वेळ पहिल्या गिअरमध्येच, त्यामुळे शॉकअपची परीक्षा अशी काही झाली नाही. क्लचची झाली. कोल्हापूरच्या माणसाला फोन बाबांनीच केला, मालवणीत, त्याला कितपत कळलं देव जाणे. गाडी आमच्याकडेच आहे.

एक श्रोत्यानं मेलमध्ये विचारलं होतं की जुने शॉकअप काय करायचे. भंगारात देऊ नका. रॉड खराब असला तरी झाकणं, वरचे डोळे, मूळ स्प्रिंगा जपून ठेवा, तेल लावून वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर. उद्या कुणी मूळ रूपात गाडी उभी करायची म्हटली तर ही झाकणं शोधून सापडत नाहीत.

आणि बसवल्यावर १०० किलोमीटरनंतर चारही नट एकदा तपासा. नवी स्प्रिंग सुरुवातीला थोडी बसते, म्हणून ८०० किलोमीटरला मी पुन्हा मापं घेतली. ११ चे १३ झाले, माझे २७ चे २९. त्यानंतर बदल नाही. पावसाळा संपला की परत काट्यावर नेईन, तेव्हाचे आकडे इथेच खाली टाकतो.